आधी वर, की आधी खाली?

गुरुवार होता आणि अगदी गुरुवारसारखाच होता. चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत सहा माणसं संगणकाच्या सहा पडद्यांपुढे बसली होती, आणि सातवा माणूस खिडकीपाशी लोखंडी पट्टी घेऊन कागदांच्या भेंडोळ्यावर वाकला होता. ते बाबा. पडद्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "पडदा पुसता येतो," ते म्हणायचे, "कागद फाडावा लागतो. फाडलेलं दिसतं."

तीस वर्षं त्यांनी वजनमापं तपासण्याच्या खात्यात काढली होती. दुकानदाराच्या काट्याखाली चिकटवलेलं मेण नखानं खरवडून काढणारा माणूस. निवृत्त झाल्यावर भाच्यानं त्यांना आपल्या कंपनीत बसवलं. कंपनी शेअर बाजारात आपोआप खरेदी-विक्री करणाऱ्या यंत्रणा तयार करायची. विकण्याआधी प्रत्येक यंत्रणा जुन्या किमतींवर चालवून पाहायची: गेली काही वर्षं हिच्या हाती कारभार असता तर काय झालं असतं? याला बॅकटेस्ट म्हणतात. त्याच्या अहवालाखाली ‘तपासले’ असं लिहून सही करायची, हे बाबांचं काम. मुलगी त्याच खोलीत, तीन टेबलं सोडून, यंत्रणेचा प्रोग्राम लिहायची. कंपनीचा मालक तिचा आतेभाऊ. ती त्याला दादा म्हणायची, तो बाबांना मामा म्हणायचा, आणि बाबा त्याला चारचौघांत भाचेबुवा म्हणून बोलवायचे. ते त्याला आवडायचं नाही, म्हणूनच बहुधा.

"भाचेबुवा, जरा इकडे या. ठमे, तूही ये."

तिचं खरं नाव बाबांनी शेवटचं कधी घेतलं होतं, ते तिला आठवत नसे.

बाबांनी पट्टी एका आकड्यांच्या ओळीखाली धरली. "शंभरला घेतलं. एकशेचारला नफ्यात विकायचं, सत्त्याण्णवला तोटा सोसून बाहेर पडायचं. दोन्ही ऑर्डरी आधीच लावून ठेवल्या. बरोबर?"

"बरोबर," दादा म्हणाला. त्याचं अर्धं लक्ष फोनकडे होतं.

"आता हा एक तास. या तासाची तुमच्या आलेखातली मेणबत्ती मला चारच आकडे सांगते. सुरुवातीला किती, सगळ्यात वर किती, सगळ्यात खाली किती, शेवटी किती. वर गेली एकशेपाच. खाली गेली शहाण्णव. म्हणजे एकाच तासात नफ्याची खूणही लागली आणि तोट्याचीही. मला सांगा, आधी कुठली?"

"मामा, ते कुणाला माहीत?"

"मलाही माहीत नाही. मग प्रोग्रामला कसं माहीत? सहाशेचाळीस व्यवहारांत असे तास आहेत सत्तेचाळीस. सत्तेचाळीसही वेळा हा पठ्ठ्या म्हणतो, आधी वर गेली, नफा घेतला, मग काय ती खाली जाऊ दे. इतका नशीबवान माणूस मी नोकरीत एकच पाहिला, आणि त्याच्या काट्याखाली मेण होतं."

पलीकडच्या टेबलावर कुणीतरी खुदकन हसलं. दादाही हसला, त्याला हसून वेळ मारून नेणं चांगलं जमायचं. "अहो, सगळ्या कंपन्या असंच करतात. तुम्ही डोळे झाकून सही करा."

"डोळे झाकूनच करायची होती तर आंधळ्याला ठेवायचंस. पगारही कमी मागितला असता."

"मग काय करायचं म्हणता?"

"खात्यात आमचा नियम होता. काटा दोन रेघांच्या मधे थरथरत असेल तर खालची रेघ धरायची. कारण काटा दुकानदाराचा असतो, आणि गिऱ्हाईक बिचारं समोर उभं असतं. इथं त्याहून सोपं आहे. मिनिटामिनिटाच्या किमती मिळतात. मी छापून आणल्यात. त्या सत्तेचाळीस तासांच्या आत शिरायचं आणि पाहायचं, आधी वर की आधी खाली. जिथं मिनिटांतही कळणार नाही, तिथं तोटा धरायचा." बाबांनी चष्मा वर सरकवला. "आणि ही ओळ कोणाची? नफा आधी धरणारी?"

दादानं तिच्याकडे पाहिलं. नजर पाव क्षणाचीच होती, पण तिला पुरली.

"पहिल्यापासून तशीच आहे," ती म्हणाली.

बाबांनी तिच्याकडे थोडं जास्त वेळ पाहिलं. "बरं," ते म्हणाले आणि पट्टी पुढच्या ओळीवर सरकवली.

पहिल्यापासून तशी नव्हती. दोन महिन्यांपूर्वी दादा तिच्या खुर्चीमागे उभा राहून म्हणाला होता, "आलेख फार लोळतोय गं. काहीतरी कर." आणि तिनं केलं होतं. एक ओळ. लिहायला वीस सेकंदं लागली. ती अडाणी नव्हती. ओळीचा अर्थ तिला लिहितानाच कळत होता. दादानं तिला नोकरी दिली होती, बाबांना खिडकीपाशी टेबल दिलं होतं, आणि आपलेच दात, आपलेच ओठ. एवढंच कारण होतं. त्याहून मोठं कारण असतं तर नंतर तिला जरा बरं वाटलं असतं.

दुपारी बाबांनी छातीवरून एकदा हात फिरवला. "काय झालं?" तिनं विचारलं. "जिना झाला. चष्मेवाल्यानं दुकान वर न्यावं आणि आपण खाली यावं." पाच वाजता ते निघाले. ती साडेसहाला घरी पोचली तेव्हा चेहरा टवटवीत होता. टेबलावर भेंडोळं पसरलेलं, शेजारी नव्या बुटाच्या नाड्यांची पुडी. त्यांनी दोन कप चहा केला, तिच्या कपात साखर विसरले, आणि वर तिलाच म्हणाले, "गोड बोलायला शीक, म्हणजे साखर लागणार नाही." ही एवढीच संध्याकाळ.

शुक्रवारी सकाळी बूट घालताना ते खुर्चीवरून कलले. एका बुटाला नवी नाडी ओवलेली होती, दुसऱ्याला अर्धी.

*

पुढचे आठ दिवस घरात माणसं येत राहिली. आत्या, म्हणजे दादाची आई, पलंगाच्या कडेला बसायची आणि येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगायची. सांगता सांगता तिची गाडी दुपारच्या त्या हातावर येऊन थांबायची, कारण ते मुलीनंच तिला सांगितलं होतं.

"छातीवर हात फिरवला आणि तुला कळलं नाही? अगं, शेजारी बसतेस ना तू?"

"त्यांनी जिना म्हटलं, आत्या."

"जिना म्हटलं! पुरुषमाणूस असंच म्हणतं. आपण ओळखायचं असतं."

येणारे मान डोलवायचे. सगळ्यांनाच ओळखता आलं असतं, असं त्या मानांवरून दिसायचं. मुलीचा आतून संताप संताप व्हायचा. बाबांनी कंपनीत आल्या आल्या पकडलेली पहिली चूक हीच होती. एका यंत्रणेचा खरेदीचा इशारा तासाच्या शेवटच्या किमतीवर ठरायचा, आणि बॅकटेस्टमध्ये तिची ऑर्डर मात्र त्याच तासाच्या मध्यावर लागायची. तास संपायच्या आत तासाचा शेवट हिला कळला कसा? शिवाय अर्ध्या तासाला उगवलेले कितीतरी इशारे तास संपेपर्यंत मावळायचे. जुन्या चार आकड्यांत त्यांचा मागमूसही नसायचा. बाबा तेव्हा म्हणाले होते, "संध्याकाळ माहीत असलेला माणूस दुपारी शहाणाच असतो."

घर अशा शहाण्यांनी भरलं होतं. दुपारचा हात संध्याकाळपर्यंत मावळला होता. हे तिला पटत होतं, आणि पटूनही रात्रीची झोप येत नव्हती, कारण त्याच दिवशी सकाळी तिनं आणखी एक गोष्ट केली होती. ती करताना तिला काहीही पुढचं माहीत असण्याची गरज नव्हती. खोटं बोलताना ते खोटं आहे, हे तिला त्याच क्षणी ठाऊक होतं.

दादा या आठ दिवसांत खरंच राबला. दवाखान्याचे कागद, दाखले, आत्याची औषधं, सगळं त्यानं पाहिलं. एकदा जिन्यात बसून तो हमसून हमसून रडला. तेही खरंच होतं. त्यामुळे पुढचं सगळं जास्तच चीड आणणारं झालं.

*

नवव्या दिवशी ती कामावर गेली. बाबांचं टेबल आवरलेलं होतं. त्यावर नव्याकोऱ्या अहवालाच्या दहा प्रती रचून ठेवल्या होत्या. गुळगुळीत कागद, चढता हिरवा आलेख. पहिल्या पानावर बाबांचा फोटो आणि खाली ओळ: ‘आमचे दिवंगत मुख्य तपासनीस यांच्या स्मृतीस.’ शेवटच्या पानावर ‘तपासले’, आणि त्याखाली बाबांची सही.

सही त्यांचीच होती. शेवटच्या अक्षराची शेपटी पेन अडकल्यासारखी तुटलेली. हीच तुटकी शेपटी तिनं मार्चच्या अहवालावर पाहिली होती. पेन बदलून आणून देणारी तीच. सही तिथून उचलून इथं चिकटवली होती.

ती अहवाल घेऊन दादाच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

"हे काय आहे?"

"बस आधी. चहा सांगू?"

"दादा, हे काय आहे?"

"मामांना मान दिलाय. त्यांचं नाव राहावं म्हणून."

"बाबांनी यावर सही केलेली नाही."

"करणारच होते. अगं, गुरुवारी जाताना जिन्यात आमचं बोलणं झालं ना. तू नव्हतीस तिथे. आधी भांडले, मग हसले. म्हणाले, ठीक आहे भाचेबुवा, तू म्हणतोस तर तसं. आता सही राहिली ती राहिली. सोमवारी त्या बायका येतायत."

त्या बायका म्हणजे निवृत्त नर्सेसची बचत संस्था. दोनशे जणी. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सलाइनी मोजलेल्या बायका साठवलेला पैसा या यंत्रणेवर सोपवणार होत्या, आणि त्यांची एकच अट होती: तपासणारा माणूस कोण आहे, ते आम्हाला सांगा. दादानं त्यांना वजनमापं खात्यातल्या तीस वर्षांची गोष्ट सांगितली होती. ती गोष्ट यंत्रणेपेक्षा जास्त विकली गेली होती.

"बाबा ‘तू म्हणतोस तर तसं’ म्हणाले?"

"हो."

"आयुष्यात कधी कुणाला म्हणाले नाहीत. तुला म्हणाले?"

"हे बघ, तू दुःखात आहेस. जिन्यात मी होतो, तू नव्हतीस. आता ते काही सांगायला येणार नाहीत."

हे वाक्य तोंडातून गेल्यावर त्यालाही ते ऐकू आलं असावं, कारण त्यानं लगेच समोरचा पेपरवेट सरळ केला. पण ते बोलून झालं होतं. मामा सांगायला येणार नाहीत. सुंठीवाचून खोकला गेला. आणि वर त्यांचाच फोटो. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते लोक उगाच म्हणत नाहीत, हे तिला त्या खोलीत कळलं. पंख्याचा आवाज येत होता. तिनं अहवाल उचलला आणि ती घरी आली.

*

भेंडोळं अजून टेबलावरच होतं. आत्यानं त्यावर चादर घातली होती. शेजारी बाबांची वही. खात्यातली सवय त्यांनी सोडली नव्हती: प्रत्येक नोंदीपुढे वेळ. कुठला काटा किती वाजता पाहिला, हे लिहिलं नाही तर उद्या दुकानदार म्हणतो, साहेब येऊन गेल्यावर बिघडला.

ती वही उघडून बसली. एकेका तासाला एक ओळ. ‘क्र. १. १०:१० वा. आधी खाली.’ ‘क्र. २. १०:२५ वा. आधी वर.’ गुरुवारी दिवसभरात पंचवीस झाले होते. पंचविसाव्याची वेळ पावणेपाच. मग ओळ सोडून सव्विसावा: ‘५:४० वा. आधी खाली.’ सत्ताविसावा, अठ्ठाविसावा. एकतिसाव्यापुढे ‘६:२० वा. आधी खाली.’

जिना पाच वाजताचा. पाच वाजता ज्या माणसानं मान तुकवली, तो नाड्या विकत घेऊन घरी येऊन पाच चाळीसला पुन्हा पट्टी हातात घेत नाही. दादानं तिला गुरुवारचे मोजके आकडे दिले होते आणि त्यांचा क्रम आपल्या सोयीनं लावला होता: आधी भांडले, मग मानले. नफा आधी. बाबांनी आपल्याही दिवसाची मिनिटं लिहून ठेवली असतील, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

एकतिसाव्याखाली आणखी दोन ओळी होत्या.

‘उरले १६, उद्या. ते झाल्याशिवाय सही नाही. भाच्याला जिन्यात पुन्हा सांगितलं.’

आणि त्याखाली, जरा बारीक अक्षरात: ‘ती ओळ ठमीची आहे. प्रोग्राममध्ये तारखेसकट नाव असतं, विचारण्याआधीच पाहिलं होतं. पुन्हा विचारणार नाही. सांगेल ती.’

खालच्या गल्लीत कुणीतरी गाडी मागे घेत होतं. ‘येऊ दे, येऊ दे, बस’ असा आवाज येत होता. त्यांना सकाळीच माहीत होतं. माहीत असून त्यांनी ‘बरं’ म्हटलं, संध्याकाळी तिच्या चहात साखर विसरले, आणि वाट पाहिली. अर्ध्या नाडीपर्यंत.

मग तिनं चादर पूर्ण बाजूला केली, पट्टी घेतली आणि बत्तिसाव्या तासाखाली धरली. नोंदीपुढे वेळ घातली. उरलेले सोळा तपासून व्हायला शनिवार गेला आणि रविवारची सकाळ गेली. दोन तास असे निघाले की एकाच मिनिटात किंमत वरही गेली होती आणि खालीही; त्याच्या आत शिरायला वाट नव्हती. तिथं तिनं लिहिलं: ‘काटा थरथरतो. तोटा.’ सगळे मिळून आधी वर बारा, आधी खाली तेहतीस, थरथरणारे दोन. ती ओळ बदलून तिनं बॅकटेस्ट पुन्हा चालवली. हिरवा आलेख थोडा वर गेला, बराच वेळ लोळला आणि शेवटी जिथून निघाला होता त्याच्याही खाली जाऊन बसला.

आत्या दाराशी उभी होती. तिला रविवारी सकाळी सगळं सांगून झालं होतं.

"घरातली गोष्ट घरात मिटव," आत्या म्हणाली. "तो तुझा भाऊ आहे."

"बाबा तुमचे भाऊ होते, आत्या."

आत्यानं खाली पडलेली पेन्सिल उचलून टेबलावर ठेवली.

*

सोमवारी तिघी जणी आल्या. पुढे त्यांच्या अध्यक्ष, एके काळच्या मेट्रन. पाठ ताठ, चष्म्याला दोरी. दादानं आलेख दाखवला, यंत्रणा कशी माणसासारखी घाबरत नाही ते सांगितलं. मेट्रनबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि अहवालाचं पहिलं पान उघडलं.

"हेच ते?"

"हेच मामा," दादा म्हणाला. आवाज हळवा झाला. "अगदी शेवटच्या दिवशी त्यांनी हा अहवाल हातावेगळा केला."

"मग आम्हाला काही शंका नाही," मेट्रनबाई म्हणाल्या. "वॉर्डात आम्ही औषधाची बाटली तिघींनी वाचायचो. वाचणारा खरा हवा. कुठे सही करायची?"

कोपऱ्यातल्या खुर्चीवरून मुलगी उठली. तिच्या हातात वही होती.

"बाई, थांबा. ही सही बाबांनी केलेली नाही. मार्चच्या कागदावरून उचलली आहे."

"अगं, काय बोलतेस!" दादा अर्धा उठला. मग बायकांकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "तिच्या मनावर परिणाम झालाय. अजून पंधरा दिवसही झाले नाहीत."

"दहा," ती म्हणाली. "आणि माझ्या मनाचं मी बघीन. तू त्यांचा फोटो आधी काढ तिथून."

खोलीत सगळे पडदे उजळ होते आणि एकही माणूस पडद्याकडे पाहत नव्हता. तिनं वही मेट्रनबाईंसमोर ठेवली, एकतिसाव्या नोंदीवर बोट ठेवलं आणि जिन्याची, नाड्यांची, पाच चाळीसची वेळ सांगितली. मेट्रनबाई दोरीचा चष्मा लावून वाचू लागल्या. वाचत वाचत त्यांचं बोट खालच्या, बारीक अक्षरातल्या ओळीवर आलं आणि थांबलं.

"ही ठमी कोण?"

दादानं तिच्याकडे पाहिलं. तीच पाव क्षणाची नजर. या वेळी तिला ती भिंतीसारखी सपाट दिसली. तिनं खिडकीपाशी, रिकाम्या टेबलाकडे तोंड केलं. लोखंडी पट्टी अजून तिथंच होती.

"ठमी म्हणजे मी," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "नफा आधी धरणारी ओळ माझी आहे. कळत होतं आणि लिहिली. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले. ओळ माझी आहे, बाबा."